नागपूरच्या उन्हात नाशिकची शिराझ

महाराष्ट्रात वाइनचा विषय निघाला की चर्चेला दोनच फाटे फुटतात. एका बाजूला संसार, संस्कार आणि व्यसनाधीनतेची चिंता. दुसऱ्या बाजूला द्राक्ष उत्पादकाच्या पदरात पडणारे चार पैसे. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हेच घडले. विधिमंडळापासून पानठेल्यापर्यंत खडाजंगी झाली, उपोषणाचे इशारे दिले गेले, त्याच वर्षी सरकार बदलले आणि निर्णय कागदावरच राहिला. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्या बाटलीवरून एवढे रण माजले तिच्यात आहे तरी काय, तिचा गुण कशात आहे आणि नाशिकहून निघालेला तो गुण नागपूरच्या ग्राहकाच्या पेल्यापर्यंत टिकतो का?

हा प्रश्न आता केवळ शौकिनांचा राहिलेला नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यापूर्वी आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क होते. करारानुसार पाच डॉलरहून अधिक किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरील शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत खाली यायचे आहे. पंधरा डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीसाठी हाच प्रवास ७५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंतचा आहे. ऑस्ट्रेलियाची ओळख ज्या वाइनने घडवली ती म्हणजे शिराझ. आणि महाराष्ट्रातील लाल वाइनमध्येही शिराझचेच स्थान अग्रभागी आहे. याचा अर्थ उघड आहे. बरोसा खोऱ्यातील शिराझ आणि दिंडोरीची शिराझ दुकानाच्या एकाच फळीवर, एकमेकींच्या किमतीच्या जवळ येत जाणार. दोन्ही उष्ण हवामानाच्या वाइन. अशा वेळी ग्राहक निवड करणार ती चवीवर. त्या चवीचे गणित समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

इराणचे नाव, फ्रान्सचे मूळ

शिराझ हे इराणमधील शहराचे नाव असल्याने हे वाण पर्शियातून आले, अशी आख्यायिका दीर्घकाळ सांगितली जात होती. १९९८ मध्ये अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी केलेल्या डीएनए तपासणीने तिला पूर्णविराम दिला. हे वाण आग्नेय फ्रान्समधील दुरेझा आणि मोंद्यूज ब्लांश या दोन स्थानिक वाणांच्या संकरातून जन्मले आहे. तेथे त्याला सिराह म्हणतात आणि ऱ्होन नदीकाठची एर्मिटाज टेकडी ही त्याची पंढरी मानली जाते. जेम्स बझ्बी यांनी १८३२ मध्ये युरोपातून ऑस्ट्रेलियात नेलेल्या काड्यांच्या संग्रहात हे वाण होते. तेथील उन्हात ते असे रुजले की नावही बदलले आणि स्वभावही. पेनफोल्ड्स कंपनीचे मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये ‘ग्रेंज’ ही शिराझप्रधान वाइन प्रथम बनवली आणि उष्ण प्रदेशातही दीर्घकाळ मुरणारी वाइन बनू शकते, हे जगाला पुढे मान्य करावे लागले.

आज वाइनच्या व्यवहारात सिराह आणि शिराझ ही एकाच द्राक्षाची दोन नावे दोन शैली सुचवतात. सिराह म्हटले की थंड प्रदेशातील, सडसडीत, मिरीच्या वासाची, आंबटसर धारेची वाइन. शिराझ म्हटले की उष्ण प्रदेशातील, भरदार, पिकल्या फळांच्या गोडसर वासाची, जिभेवर मऊ आणि घशात ऊब देणारी वाइन. महाराष्ट्रातील बहुतेक उत्पादकांनी शिराझ हेच नाव पसंत केले आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सुला’ची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. या सगळ्या वाटचालीत लाल वाइनसाठी शिराझवर भिस्त राहिली ती उगाच नव्हे. हे वाण ऊन सोसते.

ऊन काय देते, काय नेते

द्राक्षाचा मणी पिकू लागला की त्यात साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. द्राक्षातील दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते. टार्टारिक आम्ल त्या मानाने तग धरते. त्यामुळे हवामान जितके तापलेले तितकी साखर लवकर आणि आंबटपणा कमी. रसात लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर असली की आंबवल्यानंतर त्यातून सुमारे एक टक्का अल्कोहोल तयार होते. साहजिकच उष्ण प्रदेशातील शिराझमध्ये १३.५ ते १५ टक्के अल्कोहोल आढळणे ही नित्याची बाब आहे. वाइन दाट वाटते, पेल्याच्या आतील बाजूने तिचे ओघळ सावकाश उतरतात आणि घोट गिळल्यावर छातीत ऊब जाणवते, ती यामुळेच.

उन्हाची दुसरी करामत वासावर दिसते. शिराझमधील काळ्या मिरीचा वास कोठून येतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दिले. रोटंडोन नावाचे एक संयुग त्यासाठी कारणीभूत असते आणि मिरीच्या दाण्यालाही तिचा वास तेच संयुग देते. थंड जागी आणि थंड वर्षी पिकलेल्या द्राक्षात ते अधिक असते. मणी तापले की घटते. विशेष म्हणजे सुमारे पाचातील एका माणसाला हा वास कितीही तीव्र असला तरी येतच नाही, असेही याच अभ्यासात आढळले. एकाच टेबलावर बसलेल्या दोघांचे शिराझविषयी एकमत होत नसेल तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

उष्णतेचा तिसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. साखर पिकणे वेगळे आणि सालीतील रंग, बियांतील तुरट द्रव्ये व वासाची द्रव्ये पिकणे वेगळे. फार तापलेल्या हवेत साखर पुढे धावते आणि बाकीचे मागे राहते. मग साखरेच्या मापाने ज्याला ब्रिक्स म्हणतात तो आकडा तोडणीयोग्य दिसतो, पण बी अजून हिरवट असते. अशा द्राक्षाची वाइन एकाच घोटात अतिपिकली आणि अर्धकच्ची अशी दोन्ही लागते. रात्र गार असेल तर मात्र हा तोल सावरतो. गार रात्री आंबटपणा राखतात आणि सालीत रंग धरतात. शिराझचे नाव उन्हाशी जोडले गेले असले तरी तिची प्रत ठरते ती रात्रीच्या पाऱ्यावर.

विदर्भातील वाचकाला हे समजायला कठीण जाऊ नये. संत्र्याचा रंग आणि आंबट-गोडाचा तोल थंडीशी कसा बांधलेला असतो, हे काटोल-नरखेडच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. आंबिया बहार धरायचा की मृग, ताण केव्हा द्यायचा आणि केव्हा तोडायचा, यावर फळाची चव ठरते. नाशिकची द्राक्षबागही अशीच माणसाने लावलेल्या वेळापत्रकावर चालते.

दोन उलटे ऋतू

युरोपात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात फुटते. नाशिक उत्तर अक्षांश २० अंशांवर आहे. तेथे वेलीला झोप लागावी इतकी थंडी नाही. म्हणून शेतकरी दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा तिच्यावर काढायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून घड घ्यायचा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणजे नकाशावर उष्ण कटिबंधात असलेल्या या बागेत फळ वाढते ते हिवाळ्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीचे पठार आणि निफाडकडील रात्रीचा घसरता पारा यांची जोड त्याला मिळते. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव वारंवार का येते आणि त्याचे वाइनशी नाते काय, ते येथे उलगडते.

बरोसात ऋतुचक्र याच्या अगदी उलट दिशेने फिरते. तेथे द्राक्षे भर उन्हाळ्यात वाढतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, उन्हाळा ओसरत असताना तोडली जातात. शेवटचे दिवस गार होत जातात, त्यामुळे तोडणी थोडी लांबली तरी चालते. नाशिकमध्ये शेवटचे दिवस तापत जातात. फेब्रुवारीच्या मध्यात तोललेला घड मार्चच्या मध्यापर्यंत वेलीवर राहिला तर साखर चढते, आंबटपणा पडतो आणि मणी सुरकुततो. बरोसाच्या वाइनकाराला वाट पाहण्याची सवलत आहे. नाशिकच्या वाइनकाराला नेमका दिवस साधावा लागतो. त्यातच अवकाळी पाऊस. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने राज्यातील बागांची दैना केली, ती स्मृती अजून पुसलेली नाही.

या फरकाचे पडसाद चवीत उमटतात. बरोसाची ठसठशीत शिराझ जवळजवळ काळीजांभळी असते. तिच्यात अतिपिकलेल्या ब्लॅकबेरीचा, आलूबुखाऱ्याचा, चॉकलेटचा आणि ज्येष्ठमधाचा वास येतो, कधी निलगिरीची झुळूक असते. अमेरिकन ओकच्या पिंपात मुरवली असेल तर नारळ आणि व्हॅनिला त्यात मिसळतात. नाशिकची चांगली शिराझ सहसा याहून मध्यम बांध्याची असते. जांभूळ, करवंद, कोकम यांची आठवण देणारे फळ, मागून मसाल्याचा तिखट गंध आणि थोडा मातकट-धुरकट धागा असा तिचा स्वभाव आहे. ती बरोसाची नक्कल करू लागली की फसते, कारण तेवढी भर घालण्यासाठी घड वेलीवर जास्त ठेवावा लागतो आणि मार्चचे ऊन त्याचा मोबदला वसूल करते. आटोपशीर बांधा आणि मसाला हा तिचा दोष समजण्याचे कारण नाही. तेच तिचे स्वतःचे घराणे आहे.

पेल्यात काय पाहावे

वाइनच्या चवीविषयी लिहिले-बोलले जाते ते पुष्कळदा अंगावर येते. प्रत्यक्षात चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. पहिली रंगाची. पांढऱ्या कागदापुढे पेला तिरका धरला की कड दिसते. तरुण शिराझची कड जांभळट असावी, मुरलेल्या वाइनची विटकरी. दुसरी वासाची. एकच गोडसर वास येतो की एकामागून एक वेगळे वास उलगडतात? तिसरी तोंडातील आंबटपणाची. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटले पाहिजे. वाइन ताजी वाटते ती यामुळे. चौथी तुरटपणाची. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी धरते तसा तुरटपणा लाल वाइनमध्ये असतोच. उष्ण हवामानाच्या शिराझमध्ये तो पिकलेला, मखमली असावा. कच्च्या सुपारीसारखा तोंड ओढणारा नसावा.

जेवणाची सांगड घालताना नागपूरकराने एक पथ्य पाळावे. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवते, तुरटपणा त्यात भर घालतो. त्यामुळे १४ टक्के अल्कोहोलची शिराझ आणि अस्सल सावजी रस्सा यांचे जमत नाही. दोघे मिळून जिभेवर आग पेटवतात आणि वाइनची चव त्यात हरवते. भाजलेले मटण, काळ्या मिरीवर केलेला सुका प्रकार, वांग्याचे धुरकट भरीत यांच्याशी मात्र तिचे छान गूळपीठ जमते.

मुरंबा पिकल्याचा की शिजल्याचा?

येथवर जे सांगितले ते बाटली वाइनरीतून बाहेर पडेपर्यंतचे. नागपूरचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

वाइनरीत उष्णतेशी पावलोपावली झुंज दिली जाते. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात, रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात, बाटल्या वातानुकूलित तळघरात मुरवतात. त्या बाटलीला दरवाजाबाहेर पडल्यावर मात्र कुणी वाली नसतो. नाशिक ते नागपूर हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाल्याने प्रवासाचे तास घटले हे खरे. पण ट्रकचा हौदा तापतो तो तापतोच. पुढे गोदाम, मग दुकान. अमरावती मार्गावरील वाडी हा नागपूरचा मालवाहतुकीचा आणि गोदामांचा पट्टा. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकत असताना येथील पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता पाऊल टाकणाऱ्याला उष्णतेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अशा शेडमध्ये कोणताही नाजूक माल ठेवायचा तर काय होते, हे व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. चॉकलेटचा विक्रेता उन्हाळ्यात माल फ्रिजमध्ये हलवतो, औषध विक्रेता काही औषधे थंडच ठेवतो. चॉकलेट वितळलेले दिसते, औषधाला नियम आहे. वाइन बिघडलेली बाहेरून दिसत नाही आणि तिच्या तापमानाकडे कुणाचे लक्षही जात नाही.

वाइन साठवण्याचे योग्य तापमान साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअस. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. म्हणजे ३५ अंशांत ठेवलेली बाटली १५ अंशांतील बाटलीच्या चौपट वेगाने म्हातारी होते आणि ४० अंशांच्या पुढे तर ती मुरत नाही, शिजते. द्रव प्रसरण पावून बुचाला वर ढकलतो, हवा आत शिरते. फिरकीच्या झाकणाने गळती टळते. आतील शिजणे टळत नाही.

आता यातील मेख अशी की, तापून बिघडलेल्या लाल वाइनला वास येतो तो मुरंब्याचा, मनुकांचा, करपलेल्या साखरेचा. आणि उष्ण हवामानाच्या निरोगी शिराझचे वर्णनही ‘मुरंब्यासारखे पिकलेले फळ’ असेच केले जाते. एक मुरंबा वेलीवर पिकून आलेला, दुसरा गोदामात शिजून झालेला. शिराझ प्रथमच चाखणाऱ्या माणसाला हा भेद कळणार कसा? तो बाटली संपवतो किंवा अर्धी टाकून देतो आणि ‘आपली वाइन अशीच असते’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दिंडोरीच्या शेतकऱ्याने साधलेला तोडणीचा दिवस, वाइनकाराने राखलेला गारवा, सगळे त्या एका निष्कर्षात मातीमोल होते.

भेद ओळखण्याच्या खुणा आहेत. वेलीवर पिकलेल्या फळाच्या वासात ताजेपणा शाबूत असतो. जांभूळ वेगळे कळते, मिरी वेगळी कळते आणि शेवटी आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. शिजलेल्या वाइनमध्ये सगळे वास एकजीव होऊन एकच सपाट गोडसर वास उरतो, चव मध्येच कोसळते आणि मागे कडवटपणा राहतो. दोन-तीन वर्षांच्याच वाइनची कड तपकिरी दिसत असेल, बूच मानेच्या वर आलेले असेल, मानेवर चिकट ओघळ असेल, तर ती बाटली उष्णतेने मारली आहे असे समजावे.

‘खोलीचे तापमान’ कोणत्या खोलीचे?

घराघरांत आणि काही हॉटेलांतही एक समज पक्का आहे: पांढरी वाइन थंड द्यावी, लाल वाइन खोलीच्या तापमानाला. हा नियम युरोपातील जुन्या दगडी घरांत जन्मला. तेथील खोलीचे तापमान असे १६ ते १८ अंश. नागपुरात ते एप्रिलमध्ये ३५ अंश असते. या तापमानाला शिराझ ओतली की अल्कोहोल नाकावर धावून येते, फळ मागे पडते, वाइन औषधी काढ्यासारखी लागते. अल्कोहोल अधिक आणि आंबटपणा कमी, अशी जिची घडण आहे तिला गरम पेला सर्वाधिक बाधतो. म्हणून नागपूरपुरता नियम उलटा करायला हवा: लाल वाइनही थंड करूनच द्यावी. फ्रिजमध्ये तास-दीड तास किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पेल्यात बर्फ मात्र टाकू नये. वाइन पातळ होते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

खरेदीचेही तसेच. नागपूरकराने लाल वाइन घ्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम बरा. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये. लेबलवर द्राक्षतोडणीचे वर्ष असेल तर वाचावे. साध्या श्रेणीच्या शिराझला चार-पाच उन्हाळे दुकानात काढण्याचे बळ नसते.

हिशेबाची दुसरी बाजू

चवीची चर्चा करताना आणखी एक हिशेब डोळ्यांआड करून चालणार नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे विधान २०२२ च्या वादात वारंवार ऐकू आले. शिराझच्या बाबतीत तर ते मुळीच टिकत नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १४ टक्के अल्कोहोल म्हणजे १०५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिलिलिटरचे चार पेग घेतले तर जवळपास तेवढेच अल्कोहोल पोटात जाते. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइनसाठी राज्यात २१ वर्षांची वयोमर्यादा आहे, शेजारच्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. द्राक्ष उत्पादकाचे हित सांगताना या गोष्टी झाकण्याची गरज नाही. किंबहुना थोडी आणि चांगली पिणारा ग्राहक हाच या उद्योगाचा टिकाऊ आधार ठरू शकतो, आणि असा ग्राहक चवीतूनच घडतो.

तुटलेला दुवा

वाइन उद्योगाने एकदा चटका अनुभवला आहे. २००१ च्या धोरणानंतर नाशिक, पुणे, सांगली पट्ट्यात वाइनरींची लाट आली. २००८ ची जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर ओसरलेले पर्यटन यांचा फटका बसला, साठे पडून राहिले, काही वाइनरी बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षासारखे बाजारात विकता येत नाही. मणी लहान, साल जाड, बिया भरपूर. वाइनरीने पाठ फिरवली की त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. म्हणूनच ग्राहकाच्या पेल्यातील चव हा शेतकऱ्याच्या दृष्टीने शोभेचा विषय नाही. मागणी मुंबई-पुण्यापुरती राहिली तर पाया अरुंदच राहणार. नागपूरसारख्या शहरांकडे वळायचे तर येथील ऊन लक्षात घेऊनच वळावे लागेल.

यासाठी क्रांतिकारक असे काही करायला नको. मराठी मुलखात ज्याला ‘वाइन शॉप’ म्हणतात तेथे वाइन कोपऱ्यातच असते. दर्शनी जागा व्हिस्की आणि बिअरची. बिअरसाठी शीतकपाट असते, लाल वाइन मात्र उघड्या फळीवर. त्या कोपऱ्यासाठी एक शीतकपाट पुरवणे उत्पादकांना जड नाही. मार्च ते जून या काळात विदर्भाकडे माल रात्री पाठवणे, गोदामातील मुक्काम मोजका ठेवणे, लेबलवर मराठीत साठवणुकीचे आणि पिण्याचे तापमान ठळक छापणे, हे उपाय आवाक्यातले आहेत. सरकारनेही सुपर मार्केटमधील विक्रीचा विषय पुन्हा कधी पटलावर घेतलाच, तर चौरस फुटांबरोबर तापमानाचीही अट घालावी. किती मोठ्या दुकानात विकायचे हे ठरवणाऱ्या धोरणात किती अंशांवर ठेवायचे याचा उल्लेख नसणे ही उणीव भरून काढायला हवी.

ऑस्ट्रेलियन बाटलीलाही नागपूरचे ऊन चुकणार नाही. समुद्र ओलांडून ती बंदरावर उतरेल आणि मग त्याच तापल्या रस्त्याने येईल. म्हणजे या स्पर्धेत शुल्काचा आकडा आयातदाराच्या बाजूने झुकत असला तरी अंतराचा लाभ नाशिकच्या पदरात आहे. बाटली शेवटच्या सहाशे किलोमीटरमध्ये गार ठेवण्याची शिस्त जो आधी लावेल, त्याची शिराझ नागपुरात तिच्या खऱ्या चवीनिशी ओतली जाईल. ती शिस्त लावायला नाशिकला आयातदाराहून कमी वाट चालायची आहे. दहा वर्षांचे शुल्काचे वेळापत्रक संपायच्या आत ती लागते का, एवढेच पाहायचे.